जुनी फ्लेमिश आणि जर्मन धर्मचित्रं, व्यक्तिचित्रं, लाकडी शिल्पं: पाहायची कशी?

युरोपच्या सहलीत कलादालनांसाठी ठेवलेला वेळ बहुतेक इटलीच्या वाट्याला जातो. लंडन, बर्लिन, पॅरिस, माद्रिद, कुठेही गेलात तरी उत्तरेकडच्या पंधराव्या शतकातल्या चित्रांची दालनं असतातच, पण लोक तिथून चालता चालताच पुढे जातात. चेहरे लांबट, अंगं ताठ, वस्त्रांच्या चुण्या कागद चुरगाळावा तशा टोकदार, विषयही तेच ते. मला मात्र ही चित्रं फार प्रिय आहेत, आणि ती पाहायची एक पद्धत इथे पायरीपायरीने मांडतो आहे.

पद्धतीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. यातलं जवळपास काहीच संग्रहालयाच्या भिंतीसाठी केलेलं नव्हतं. या वापरायच्या वस्तू होत्या. कुणी त्यांच्यासमोर मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, अर्पण करत होतं, कुणी आजारी माणूस खाटेवरून त्यांच्याकडे बघत पडलेला होता, कुणी त्या मिटून प्रवासात सोबत नेत होतं. आधी वापर शोधायचा, मग वस्तू न्याहाळायची, आणि प्रतीकांचे अर्थ सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक हे नेमकं उलट करतात.

काळ साधारण १४२० ते १५३०. प्रदेश म्हणजे बर्गंडीच्या ड्यूकांच्या अमलाखालचे फ्लँडर्स आणि ब्राबांट, आजचं बेल्जियम. आणि जर्मनीतला ऱ्हाइनकाठ, फ्रँकोनिया, स्वाबिया.

पायरी १: गोष्ट घरूनच वाचून निघा

बायबलची मराठी प्रत पुरते. लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय वाचा. त्यात गब्रीएल देवदूत मरियेला निरोप देतो, पुढे येशूचा जन्म होतो, मेंढपाळ येतात. शेवटच्या भोजनासाठी योहानाचा तेरावा अध्याय, वधस्तंभासाठी एकोणिसावा, अखेरच्या न्यायासाठी मत्तयचा पंचविसावा. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांना हे सगळं पाठ असतं. इतरांना एक संध्याकाळ पुरेल. एवढ्या तयारीवर बहुतेक मोठी चित्रं उलगडतात.

संत ओळखायचे ते जवळच्या वस्तूंवरून, विष्णूला शंखचक्रावरून ओळखावं तसे. कॅथरिनजवळ मोडकं चाक किंवा तलवार, बार्बराजवळ मनोरा, सेबास्टियनच्या अंगात किंवा हातात बाण, मग्दालेनाजवळ सुगंधी तेलाची कुपी, अँथनीजवळ आडव्या मुठीची काठी आणि कधी डुक्कर. ही पाच नावं लक्षात ठेवलीत तरी काम भागतं.

पायरी २: ती वस्तू कुठे होती, आणि उघडायची कशी?

चित्राशेजारच्या पाटीवर चित्रकाराचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. तुम्ही मात्र मूळ ठिकाण शोधा. चर्चमधल्या वेदीमागचं, म्हणजे उपासनेच्या मेजामागचं चित्र असेल तर त्याला दारं होती का, तेही बघा. उत्तरेकडची मोठी वेदीचित्रं बिजागऱ्यांवर उघडत-मिटत. एरवी बंद, सणावारी उघडी. बंद दारांवर अनेकदा राखाडी रंगात, दगडी मूर्तीसारखे भासणारे संत रंगवलेले असत. आत लाल, निळ्या, सोनेरी रंगांचा पूर.

बेल्जियममधल्या गेन्टच्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमधलं वेदीचित्र यासाठी उत्तम. हुबर्ट आणि यान व्हान आयक या भावांचं हे काम १४३२ मध्ये पूर्ण झालं. ते करवून घेतलं योस व्हायड आणि त्याची पत्नी एलिझाबेथ बोर्लूट यांनी. बंद असताना खालच्या रांगेत हे दोघं गुडघे टेकून बसलेले दिसतात आणि त्यांच्या मध्ये दोन योहान, एक बाप्तिस्मा करणारा आणि एक शुभवर्तमान लिहिणारा, दगडात कोरल्यासारखे. उघडलं की खाली हिरव्या कुरणात वेदीवर उभा असलेला कोकरा, म्हणजे ख्रिस्ताचं प्रतीक, आणि चारी दिशांनी त्याच्याकडे येणारे लोक. वर सिंहासनावरची भव्य आकृती, शेजारी मरिया आणि बाप्तिस्मा करणारा योहान, मग गाणारे-वाजवणारे देवदूत, अगदी टोकांना आदाम आणि हव्वा. यातली न्यायी न्यायाधीशांची फळी १९३४ च्या एप्रिलमध्ये चोरीला गेली, ती आजवर मिळालेली नाही. तिथे आता नक्कल आहे.

आता एक करून बघा. साधा कागद आडवा धरा, दोन्ही बाजू मधोमध येतील अशा दुमडा. बाहेर काय, आत काय, हे पेन्सिलीने नुसतं लिहा. संग्रहालयात सुट्या मांडलेल्या फळ्यांसमोर हा कागद उघडत-मिटत राहिलात की कुठली फळी कुणाच्या पाठीला होती, ते पटकन कळतं.

फ्रान्समध्ये, आल्सासमधल्या कोलमारच्या उंटरलिंडेन संग्रहालयात या कागदाची खरी गरज पडते. तिथलं इझेनहाइमचं वेदीचित्र मथियास ग्र्युनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या सुमारास रंगवलं, आतल्या लाकडी मूर्ती निकोलस हागेनाउच्या. त्याच्या तीन अवस्था होत्या. ते होतं अँथनीपंथी साधूंच्या मठात, आणि हे साधू 'संत अँथनीची आग' नावाच्या रोगाने ग्रासलेल्यांची शुश्रूषा करत. राय धान्यावरच्या बुरशीमुळे होणारा हा रोग. अंगाची आग होई, हातपाय सडत. हे कळलं की बंद अवस्थेतल्या ख्रिस्ताच्या अंगावरचे व्रण, हिरवट पडलेली कातडी, पिळवटलेली बोटं यांकडे पाहायची नजरच बदलते. रोग्याला तिथे आपल्यासारखंच शरीर दिसत होतं. आतल्या एका फळीवर अँथनी आणि पॉल हे दोन संन्यासी बोलत बसले आहेत. त्यांच्या पायाशी उगवलेल्या वनस्पती ओळखता येतात, आणि त्या औषधी आहेत. हे चित्र रुग्णालयाचा भाग होतं, असं मी म्हणतो ते यामुळे.

फ्रान्समधल्या बोन गावच्या रुग्णालयातही हेच. बर्गंडीचा चान्सलर निकोला रोलँ याने १४४३ मध्ये ते स्थापन केलं आणि रोखिर व्हान डेर वायडनकडून अखेरच्या न्यायाचं प्रचंड चित्र करवून घेतलं. ते होतं रुग्णांच्या दालनाला लागून असलेल्या चॅपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात. मध्ये मिखाएल देवदूत तराजू धरून उभा. नरकाकडे जाणाऱ्यांना ओढणारा एकही सैतान या चित्रात नाही. माणसं आपल्याच पापांच्या भाराने कोसळतात. मरणाच्या दारात असलेल्या माणसासाठी रोखिरने ते तसं रंगवलं, हे मला नेहमी हलवून सोडतं.

दारं उघडताना प्रत्यक्ष पाहायची असतील तर पोलंडमधल्या क्राकूवला जा. सेंट मेरी चर्चमधलं शिल्पकार फाइट श्टोसचं वेदीशिल्प (१४७७ ते १४८९) सकाळी बाराच्या थोडं आधी उघडलं जातं. वेळ मात्र आदल्या दिवशी विचारून घ्या.

पायरी ३: तिरके उभे राहा

आता जवळ जा, पण समोरून नको. जरा बाजूला सरकून प्रकाश पृष्ठभागावर घसरू द्या. फ्लेमिश चित्रं बहुतेक ओकच्या फळ्यांवर आहेत, आणि हा ओक बाल्टिक किनाऱ्याच्या जंगलांतून जहाजांनी येई. दक्षिण जर्मनीत लिंडन, स्प्रूस, फर अशी जवळची लाकडं वापरत. फळीवर खडू आणि प्राणिज सरस यांचे थर देऊन ते हस्तिदंतासारखे गुळगुळीत घासत, त्यावर रेखाटन, आणि मग तेलात कालवलेल्या रंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक. प्रकाश या थरांतून आत जातो, खालच्या पांढऱ्या थरावर आपटून परत येतो. म्हणूनच लाल वस्त्र आतून पेटल्यासारखं दिसतं. तैलरंगाचा शोध व्हान आयकने लावला, ही सोळाव्या शतकातला इटालियन चरित्रकार व्हासारी याने पसरवलेली कथा खरी नाही. तेल त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. त्याने ते कुठवर नेलं, हे महत्त्वाचं.

कडा बघा. काही फळ्यांच्या कडेला रंग नसलेली पट्टी आणि तिच्या आत थराचा किंचित उठलेला काठ दिसतो. म्हणजे फळी आधी चौकटीत बसवली, मग रंगवली. चौकट मूळची असेल तर तिला चित्राइतकाच वेळ द्या.

आणि रंगवलेला प्रकाश कुठून येतो, ते ठरवा. गेन्टच्या चित्रात तो उजवीकडून येतो, कारण व्हायड दांपत्याच्या चॅपेलच्या खिडक्या त्या बाजूला होत्या. देवदूताच्या निरोपाच्या दृश्यात तर चौकटींच्या सावल्याही जमिनीवर रंगवलेल्या आहेत. सध्या हे वेदीचित्र त्याच कॅथेड्रलमधल्या दुसऱ्या चॅपेलात काचेआड आहे, त्यामुळे मूळ खिडकी मनातच उघडावी लागते.

घरबसल्या हे करायचं असेल तर 'क्लोजर टू व्हान आयक' हे संकेतस्थळ मोफत आहे. गेन्टच्या चित्राचा इंचन् इंच तिथे मोठा करून पाहता येतो, साध्या प्रकाशात आणि इन्फ्रारेडमध्येही. २०१२ पासून चाललेल्या स्वच्छतेत कोकऱ्याच्या डोक्यावरचं नंतरच्या काळातलं रंगकाम निघालं आणि खालचा मूळ चेहरा वर आला: डोळे पुढे रोखलेले, जवळजवळ माणसाचे. आधीची आणि नंतरची अवस्था शेजारी ठेवून बघा. नंतरच्या हातांनी मूळ काम किती बोथट केलं होतं, ते तेवढ्यात समजतं.

पायरी ४: एका चित्रासमोर अर्धा तास

दालनातली चाळीस चित्रं पाहण्यापेक्षा एकच नीट पाहा. माझी निवड माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली: रोखिरचं 'वधस्तंभावरून उतरवणं', साधारण १४३५. लूव्हेनच्या धनुर्धाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, ते आपल्या चॅपेलसाठी करवून घेतलं. वरच्या कोपऱ्यांतल्या सोनेरी जाळीकामात अगदी छोटी धनुष्यं लटकताना दिसतील. ती ग्राहकाची खूण.

आधी माणसं मोजा, दहा आहेत. मग ती कुठे उभी आहेत ते बघा. आभाळ नाही, डोंगर नाही. सोनेरी पाठ असलेल्या उथळ पेटीत, जेमतेम खांद्याएवढ्या खोलीत, जवळपास खऱ्या मापाची दहा माणसं दाटीने बसवली आहेत. त्या काळी चर्चमध्ये रंगवलेल्या लाकडी मूर्तींच्या अशा पेट्या असत. रोखिरने मूर्तींची जागा घेतली आणि त्या मूर्तींना श्वास दिला.

आता ख्रिस्ताच्या देहाची वळणरेषा डोळ्यांनी गिरवा: डोकं, लोंबता हात, कंबर, गुडघे. मग खाली शुद्ध हरपून कोसळलेली मरिया बघा. तीच वळणरेषा, तोच लोंबता हात. आईचं शरीर मुलाच्या शरीराची नक्कल करतं आहे. तिचा पांढराफटक हात आणि त्याचा जखमी हात एकमेकांच्या जवळ आहेत, पण भेटत नाहीत. तिचा दुसरा हात जमिनीवरच्या कवटीकडे गेला आहे. ती आदामाची मानतात. सगळ्या चित्रात कुणीही तोंड उघडून आक्रोश करत नाही. गालांवरून ओघळणारे अश्रू मात्र एकेक करून रंगवले आहेत. उजव्या टोकाला मग्दालेना हात गुंफून वाकली आहे, इतकी की तिच्या कमरेचा पट्टा सैल होऊन खाली घसरला आहे.

हातांची एक फेरी वेगळी करा. कोण कुणाला धरतं, कुठलं बोट कापडात रुततं, कुठला हात रिकामा आहे. मग वस्त्रांची एक फेरी. मरियेचा निळा अफगाणिस्तानातल्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्दाचा, त्या काळचा सगळ्यात महागड्यांपैकी एक रंग. पुढे हे चित्र नेदरलंड्सची कारभारीण हंगेरीची मेरी हिच्याकडे गेलं आणि तिच्याकडून स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे. म्हणून ते माद्रिदला.

पायरी ५: व्यक्तिचित्रासमोर नजरेला नजर

लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हान आयकचं १४३३ चं छोटं चित्र आहे, लाल पागोटं बांधलेल्या माणसाचं. ते त्याचं स्वतःचंच असावं असं अनेकांना वाटतं. मूळ चौकटीवर त्याने वर लिहिलं आहे, 'मला जमेल तसं'. खाली नाव आणि नेमकी तारीख, २१ ऑक्टोबर. डोळ्यांसमोर उभे राहा. मान तीन चतुर्थांश वळलेली, पण नजर थेट तुमच्यावर. डोळ्याच्या कडेची लाली, हनुवटीवरचे खुंट. हे सगळं एका तळहाताएवढ्या जागेत.

ब्रूजच्या सेंट जॉन रुग्णालयात हान्स मेमलिंगचं १४८७ चं जोडचित्र बघाच. मेमलिंग मूळचा जर्मनीतल्या झेलिगेनश्टाटचा, १४६५ मध्ये ब्रूजचा नागरिक झाला. फ्लेमिश आणि जर्मन अशी भिंत आपण उभी करतो ती त्या काळी किती पातळ होती, हे त्याच्याकडे बघून कळतं. डाव्या फळीवर मरिया आणि बाळ, उजवीवर तेवीस वर्षांचा मार्टेन व्हान न्यूव्हेनहोव्ह, हात जोडून, समोर उघडी प्रार्थनापोथी. दोन वेगळी चित्रं वाटतात. आता मरियेच्या पाठीमागचा छोटा बहिर्गोल आरसा शोधा. त्यात दोघं एकाच खोलीत शेजारी बसलेले दिसतात. मग खाली बघा: मरियेच्या लाल झग्याची कड चौकट ओलांडून मार्टेनच्या फळीत शिरली आहे. जोडचित्र पुस्तकासारखं अर्धवट मिटलेलं आहे अशी कल्पना केली की दोघं खरंच समोरासमोर येतात. मार्टेनला रोज हवं होतं ते एवढंच, तिच्या खोलीत बसायला मिळणं.

म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक संग्रहालयातलं जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररचं १५०० चं आत्मचित्र सगळ्यांत शेवटी पाहा. अठ्ठावीस वर्षांच्या चित्रकाराने स्वतःला अगदी समोरून, ख्रिस्ताच्या प्रतिमांसाठी राखलेल्या मांडणीत रंगवलं. तिरक्या मानेची दहा-वीस व्यक्तिचित्रं पाहून झाल्यावर त्या समोरासमोर भेटीचा धक्का बसतो. आधी पाहिलंत तर तो वाया जातो.

पायरी ६: लाकडी शिल्पाभोवती फिरा

दक्षिण जर्मनीतले शिल्पकार लिंडनचं लाकूड वापरत. मऊ, एकसंध, बारीक कोरीव कामाला सोसणारं. ओंडका वाळताना तडकू नये म्हणून मूर्तीची पाठ पोखरून काढत. त्यामुळे शक्य असेल तिथे मागे डोकवा. कधी डोक्यावर बुजवलेलं भोक दिसेल. कोरताना ओंडका आडवा टांगायच्या खुंटीचं ते.

मग रंग. अशा बहुतेक मूर्ती रंगवलेल्या असत. आज लाकूड उघडं दिसतं ते अनेकदा नंतर रंग खरवडल्यामुळे. पण शिल्पकार टिलमान रीमेनश्नायडरने मुद्दाम न रंगवलेली वेदीशिल्पं केली. म्युनरश्टाटचं (१४९० ते १४९२) तसं होतं, पण पुढे फाइट श्टोसला बोलावून ते रंगवून घेण्यात आलं.

रोथेनबुर्गच्या सेंट याकोब चर्चमध्ये पश्चिमेकडचा जिना चढून वर जा. तिथे रीमेनश्नायडरचं पवित्र रक्ताचं वेदीशिल्प आहे, १५०१ ते १५०५ मधलं. मधल्या पेटीत शेवटचं भोजन, पण मधोमध ख्रिस्त नाही. मधोमध हातात थैली घेतलेला यहूदा, म्हणजे ख्रिस्ताचा विश्वासघात करणारा शिष्य आहे, आणि ख्रिस्त बाजूने त्याला घास देतो आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायातला नेमका तो क्षण. पेटीच्या मागच्या भिंतीला गोल काचांच्या खिडक्या आहेत, त्यामुळे उजेड मूर्तींच्या पाठीमागूनही येतो. रंग नसल्याने चेहऱ्यावरचा भाव सावलीच ठरवते. शक्य असेल तर सकाळी एकदा आणि दुपार कलल्यावर एकदा जा. सकाळी पाहिलेला यहूदा दुपारी तसाच दिसत नाही. केसांच्या बटा, हाताच्या शिरा, बाह्यांच्या चुण्या यांवर छिन्नीच्या खुणा शोधा; डोळ्यांच्या बाहुल्या तेवढ्या गडद केल्या आहेत.

ब्राबांटच्या कोरीव वेदीपेट्यांत आणखी एक गंमत सापडते. अँटवर्पच्या मूर्तींवर हाताच्या पंजाचा डाग दिलेला असतो, ब्रसेल्सच्या कामावर हातोडीची खूण, मेखेलेनच्या कामावर तीन उभे पट्टे. श्रेणीने लाकूड आणि रंगकाम तपासून दिलेली ती हमी. टॉर्च मारू नका. वाकून, कडेच्या उजेडात बघा.

पायरी ७: आता प्रतीकं

माझा नियम असा: त्या काळचा मजकूर पाठीशी असेल, किंवा त्याच विषयाच्या अनेक चित्रांत तीच वस्तू त्याच जागी येत असेल, तरच अर्थ लावायचा. निरोपाच्या दृश्यातली पांढरी लिली म्हणजे मरियेचं पावित्र्य, यात वाद नाही. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयातल्या मेरोद वेदीचित्रात मरियेचा पती योसेफ उंदराचे सापळे बनवतो आहे. क्रूस हा सैतानासाठी लावलेला सापळा, असं संत ऑगस्टीनने म्हटलं होतं, म्हणून तोही अर्थ टिकतो.

पण लंडनमधल्या व्हान आयकच्या अर्नोल्फिनी जोडप्याच्या चित्रासमोर (१४३४) जपून. कुत्रा म्हणजे निष्ठा, असं कुणीही मार्गदर्शक सांगेल. इन्फ्रारेड तपासणीत त्या कुत्र्याखाली रेखाटनच सापडलं नाही, झुंबरही तसंच. दोन्ही रंगवता रंगवता नंतर आले. म्हणजे त्यांना अर्थ नाहीच असं नाही, पण सगळं चित्र आधी रचलेलं कोडं होतं, हा दावा डळमळतो. बाई गरोदर नाही. जड झग्याचा घोळ तिने पोटाशी धरला आहे.

निघण्यापूर्वी

ब्रूज, गेन्ट, लूव्हेन ही तिन्ही शहरं रेल्वेने जोडलेली आहेत. तीन दिवस ठेवा, धावपळ होत नाही. गेन्टच्या वेदीचित्रासाठी वेळ ठरवून तिकीट आधीच काढा. लूव्हेनच्या सेंट पीटर चर्चमधलं डिर्क बाउट्सचं शेवटचं भोजन (१४६४ ते १४६८) चुकवू नका. ज्या चर्चसाठी केलं तिथेच ते आजही आहे, आणि त्याचा करारही टिकला आहे. चित्रकाराने दोन धर्मशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने चालावं, असं त्यात लिहिलं आहे.

श्टुटगार्ट किंवा म्युनिकला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना तर शनिवार-रविवार पुरतो. श्टुटगार्टच्या जुन्या किल्ल्यातल्या संग्रहालयात स्वाबियन लाकडी मूर्ती आहेत, म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयात रीमेनश्नायडर.

सोबत छोटी दुर्बीण ठेवा. वेदीशिल्पांचा वरचा भाग उंच असतो, क्राकूवचं तर साधारण तेरा मीटर, आणि वरच्या मूर्ती मोबाइलच्या झूममध्ये चिखल होतात. पाटीवर 'कार्यशाळा' किंवा 'अनुयायी' लिहिलेलं दिसलं म्हणून पाठ फिरवू नका. १५६६ मध्ये प्रोटेस्टंटांनी केलेल्या मूर्तिभंजनात नेदरलंड्सच्या चर्चमधलं अतोनात काम फुटलं, जळलं. जे उरलं त्यातल्या पुष्कळ उत्तम कामांच्या कर्त्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत.